एका नांवाचीं दोन गांवें

आपलें शिरोडा वेंगुर्लें तालुक्यांत. त्याच नांवाचें दुसरें गांव गोमंतकांत, फोंडें तालुक्यांत आहे. ‘शिरोड्यास जातों’ असें आपल्याकडे कोणी म्हटलें, तर १९३० सालीं मिठाचा सत्याग्रह झाला तें गांव डोळ्यांपुढें येतें. फोंड्यास मात्र दुसरेंच. जवळचें नांव दूरच्यास झांकून टाकतें.

संगणकांतील चिपची रचना लिहिण्याच्या ‘व्हेरिलॉग’ या भाषेंतही असेंच घडतें. ही भाषा १९९५ सालीं प्रमाणभूत ठरली. तींत मुख्य विभागांत ‘काउंट’ नांवाचें एक रजिस्टर असतां पोटविभागांत तेंच नांव पुन्हां दिलें, तर तेथें आंतलें नांव चालतें. बाहेरचें नष्ट होत नाहीं. केवळ झांकलें जातें.

हा मजकूर वाचून त्याची फोड करणाऱ्या प्रोग्रामास ‘पार्सर’ म्हणतात. पोटविभाग लागतांच तो नांवांची नवी वही जुनीवर ठेवतो. नांव आढळल्यास प्रथम वरची वही पाहतो, तेथें नसल्यास खालची. आणि विभाग संपतांच वरची वही बाजूस सारतो. ती सारावयाची राहिली, तर पुढील ‘काउंट’चा अर्थ भलताच लागेल व जोडणी चुकेल. कागदावरील चूक खोडतां येते. सिलिकनवर उतरलेली येत नाहीं.

झांकलेलें नांवच हवें असल्यास मुख्य विभागापासून पूर्ण पत्ता लिहावा लागतो. पाकिटावर ‘शिरोडा’पुढें ‘तालुका वेंगुर्लें, जिल्हा सिंधुदुर्ग’ लिहिण्याचें कारणही हेंच होय.