पंखांवाचून उड्डाण

वीस मजली इमारतीच्या गच्चीवरून, म्हणजे सुमारे ६५ मीटर उंचीवरून एखादा माणूस खाली पडला तर त्याचे काय होईल हे सांगावयास नको. परंतु थंड प्रदेशांतील काही खेळाडू हिवाळ्यात जवळजवळ तेवढेच अंतर हवेतून खाली येतात आणि दोन्ही पायांवर सुखरूप उतरतात! या खेळाचे नाव स्की-उडी.

स्की म्हणजे पायांना बांधावयाच्या लांब, पुढच्या टोकाशी वर वळलेल्या पट्ट्या. त्या बांधून खेळाडू एका प्रचंड घसरगुंडीवरून घसरत येतो. तिच्या टोकाशी त्याचा वेग ताशी ९० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २५ मीटर इतका होतो. तेथे तो पाय ताणून झेप घेतो आणि पुढच्या बर्फाच्छादित उतारावर उतरतो.

मग त्याची हाडे का मोडत नाहीत? याचे कारण उताराच्या आकारात आहे. टेकडी अशी घडविलेली असते, की तिचा उतार खेळाडूच्या मार्गाशी जवळजवळ समांतर राहतो. संपूर्ण उडीत तो बर्फापासून काही मीटरच वर असतो. उतरताना त्याचा वेग पुष्कळ असला, तरी त्याचा बराचसा भाग उताराच्या दिशेने असतो. उताराला लंब असलेला घटक लहान असतो, आणि धक्का बसतो तो या घटकामुळेच.

आता एक हिशेब करून पाहू. हवा नाहीच असे समजा. खेळाडू क्षितिजसमांतर दिशेने सेकंदाला २५ मीटर वेगाने निघाला आणि उताराचा कोन ३० अंश आहे. तुमच्या पुस्तकातील सूत्रे वापरली, तर तो सुमारे २.९ सेकंदांनी उतारावर येतो आणि उतारावर मोजलेले अंतर भरते सुमारे ८५ मीटर. प्रत्यक्षात मोठ्या टेकडीवर चांगले खेळाडू १३० मीटर आणि त्याहूनही लांब जातात. हे जादा अंतर आले कोठून? ते दिले हवेने! जी हवा सायकलस्वाराला अडविते, तीच येथे खेळाडूला उचलून धरते. या खेळाचा इतिहास म्हणजे माणसाने हवेचा हा आधार हळूहळू कसा ओळखला याची कथा आहे.

ही कथा नॉर्वेत सुरू होते. १८०८ मध्ये ओले रिये या लष्करी अधिकाऱ्याने ९.५ मीटरांची उडी मारल्याची नोंद आहे. पुढे टेलेमार्क भागातील सोंद्रे नॉरहाइम याने या खेळाला वळण लावले. १८९२ मध्ये राजधानीजवळच्या होल्मेनकोलेन टेकडीवर पहिली स्पर्धा झाली, तेव्हा सर्वांत लांब उडी २१.५ मीटरांची होती. त्या काळचे खेळाडू हवेत ताठ उभे राहत. उडी म्हणजे पायांतील जोर, अशीच समजूत होती.

१९२४ मध्ये फ्रान्समधील शामोनी येथे पहिले हिवाळी ऑलिंपिक झाले. नॉर्वेचा याकोब टुलिन थाम्स कमरेत वाकून, पुढे झुकून उडी मारीत असे. त्याने सुवर्णपदक मिळविले. याच स्पर्धेतील सर्वांत लांब उडी मात्र अमेरिकेच्या अँडर्स हॉगन याची होती, ५० मीटरांची. या खेळात अंतराखेरीज उडीच्या डौलालाही गुण असतात, आणि तेथे तो मागे पडला. त्याला चौथा ठरविण्यात आले. पुढे गुणांच्या बेरजेतच चूक असल्याचे आढळले आणि १९७४ मध्ये, वयाच्या ८५ व्या वर्षी, त्याला कांस्यपदक मिळाले!

पुढे झुकल्याने उडी का लांबते? स्वित्झर्लंडमधील अभियंते राइनहार्ड श्ट्राउमान यांनी १९२६–२७ च्या सुमारास हा प्रश्न वातविवरात, म्हणजे ज्यातून कृत्रिम वारा सोडता येतो अशा बोगद्यात, तपासला. शरीर स्कींच्या दिशेने झुकविले तर ते विमानाच्या पंखासारखे काम करते, असे त्यांना दिसून आले. १९३६ मध्ये ऑस्ट्रियाच्या सेप ब्राडल याने प्लानित्सा येथे शंभर मीटरांची मर्यादा ओलांडली. १९५० नंतर हात शरीरालगत मागे ठेवून, स्की एकमेकींना समांतर धरण्याची पद्धत रूढ झाली. ती दिसावयासही सुंदर होती, म्हणून परीक्षकांनी तीच आदर्श मानली.

१९८० नंतरच्या दशकात स्वीडनच्या यान बोक्लेव याने स्कींची पुढची टोके फाकवून इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखी धरली. परीक्षकांना हे बेढब वाटले आणि ते त्याचे गुण कापू लागले. तरीही १९८८–८९ च्या हंगामाचा विश्वचषक त्यानेच जिंकला, कारण तो लांब जात होता. समांतर स्की शरीराच्या बरोबर खाली झाकल्या जातात. फाकविल्यावर मात्र स्की आणि शरीर ही दोन्ही वाऱ्याच्या वाटेत येतात, वाऱ्याला सामोरे जाणारे क्षेत्रफळ वाढते आणि त्याबरोबर उचलणारे बलही. १९९२ च्या ऑलिंपिकमध्ये फिनलंडच्या टोनी निमिनेन याने याच पद्धतीने सुवर्णपदक मिळविले, तेव्हा तो अवघा १६ वर्षांचा होता. पुढे गुणांचे नियमच बदलले. हवेचा निकाल परीक्षकांना मान्य करावा लागला!

परंतु हवेच्या नियमाची दुसरी बाजूही आहे. उचलणारे बल तेच आणि वजन कमी, तर उडी लांब. त्यामुळे काही खेळाडू उपाशी राहून वजन घटवू लागले. हा खेळ आरोग्याच्या मुळावर येऊ लागला. तेव्हा २००४ मध्ये नियम झाला, की उंचीच्या मानाने वजन फार कमी असेल, तर स्कीही आखूड वापरावी लागेल. स्की आखूड म्हणजे क्षेत्रफळ कमी, उचलणारे बल कमी. उपाशी राहून मिळणारा फायदा भौतिकीच्याच आधारे काढून घेतला गेला. पोशाखाच्या सैलपणावरही असेच बंधन आहे. २०२५ मध्ये ट्रॉनहाइम येथील जागतिक स्पर्धेत नियमबाह्य पोशाखामुळे नॉर्वेचे खेळाडू बाद ठरले. ज्या ऑलिंपिकमध्ये ही स्पर्धा १९२४ पासून होती, तेथे स्त्रियांना प्रवेश मिळाला तो २०१४ मध्ये, म्हणजे तब्बल नव्वद वर्षांनी. हवेने स्त्री-पुरुष असा भेद कधीच केला नव्हता. तो माणसाच्या नियमांनी केला होता.

मार्च २०२५ मध्ये स्लोव्हेनियाच्या डोमेन प्रेव्ह्ट्स याने प्लानित्सा येथे २५४.५ मीटरांचा जागतिक विक्रम नोंदविला. ओले रियेच्या उडीच्या सुमारे सत्तावीसपट! माणसाचे पाय काही सत्तावीसपट बळकट झालेले नाहीत. टेकड्या मोठ्या झाल्या, वेग वाढला आणि हवेचा उपयोग कळला.

हा उपयोग घरीही अनुभवता येईल. टेबलावरच्या पंख्यासमोर वहीएवढा पुठ्ठा आडवा धरा आणि पंख्याकडील कड हळूहळू वर उचला. थोड्या कोनात पुठ्ठा वर उचलला जाईल. कोन फार वाढविला, तर तो नुसता मागे ढकलला जाईल. या दोहोंमधला नेमका कोन शोधून काढा. स्की-उडीपटू आयुष्यभर तोच शोधीत असतो.