एक 'लाइन', कामं किती!

दोस्तांनो, पुण्याहून सोलापूर रस्त्याने निघालं, की हडपसरच्या पुढे लोणी काळभोर लागतं. या एका गावात 'लाइन' हा इंग्रजी शब्द किती ठिकाणी भेटतो, मोजू या?

लोणी स्टेशनातून जाते ती रेल्वे लाइन. ही लाइन पुण्याहून सोलापूरला पोहोचली १८६० साली! मुंबईहून जमिनीखालून पेट्रोल-डिझेल इथल्या डेपोत येतं, ते पाइपलाइनमधून. वीज गेली, की आजी म्हणते, "लाइन गेली!" मग खांबावर चढतो तो लाइनमन. शाळेत प्रार्थनेला लाइन, रेशनला लाइन. दहावी झाली, की पाहुणे विचारतात, "आता कोणती लाइन?" आणि गोलंदाजाची लाइन चुकली, की चौकार!

बाप रे! एवढे अर्थ पाठ करायचे? मुळीच नाही. शब्दाचं मूळ शोधायचं.

लॅटिन भाषेत 'लिनम' म्हणजे जवस. हो हो, आपण ज्याची चटणी करतो तेच! जवसाच्या खोडापासून धागे निघतात. त्या धाग्यांचं कापड म्हणजे लिनन. आणि त्या धाग्याला किंवा दोरीला म्हणत 'लिनिया'. त्यातूनच आला 'लाइन'.

आता गवंडीकाका भिंत बांधताना दोरी ताणतात, ते आठवा. ताणलेली दोरी सरळ, म्हणून लाइन म्हणजे रेषा. दोरीसारखे लांबच लांब, म्हणून वीजवाहक तारा, नळ आणि रूळ यांनाही लाइन. दोरीत मणी ओवावेत तशी उभी माणसं म्हणजे रांग, आणि तशीच अक्षरं म्हणजे ओळ. दोरी आखून दिल्यासारखा ठरलेला मार्ग, म्हणून शिक्षणाचीही लाइन! पाहिलंत? अर्थ अनेक, पण चित्र एकच.

मराठीत मात्र या प्रत्येकाला वेगळा शब्द आहे. म्हणून शब्दकोशातला पहिलाच अर्थ उचलला, की फसगत होते. पेपरात 'आईविषयी पाच लाइन्स लिहा' असं इंग्रजीत विचारलं, तर कुणी पाच रेघा मारत नाही! फोनवर 'होल्ड द लाइन' म्हणाले, तर दोरी धरायची नसते, फोन न ठेवता थांबायचं असतं. आधी मागचे-पुढचे शब्द वाचा, मग अर्थ ठरवा.

आणि इंग्रजीला हसू नका बरं! आपलं 'लागणे' घ्या. भूक लागते, ठेच लागते, दिवा लागतो, निकाल लागतो, घाटात गाडी लागते. मराठी शिकणाऱ्या परक्या माणसाला केवढा घाम फुटत असेल!

आज आई-बाबांना सोबत घेऊन 'लागणे'चे आणखी दहा अर्थ शोधा. एक तर वर पहिल्याच वाक्यात आहे. सापडला का? लोणी काळभोर 'लागलं' की!