गिअर बदलताना गाडी गचके देते तेव्हा...

सिग्नल हिरवा होतो, गाडी निघते आणि दुसरा गिअर पडताना मागून कुणी ढकलल्यासारखा गचका बसतो. दहा-बारा वर्षांच्या ऑटोमॅटिक गाडीच्या मालकाला हा अनुभव नवा नसतो. गॅरेजमध्ये गेल्यावर बहुधा एकच निदान कानी पडते, 'गिअरबॉक्स गेला, उतरवावा लागेल.' हा खर्च कित्येकदा जुन्या गाडीच्या बाजारभावाच्या जवळ जातो. त्यामुळे चांगली चालणारी गाडी मिळेल त्या किमतीला विकली जाते. प्रत्यक्षात प्रत्येक गचका म्हणजे गिअरबॉक्सचा अंत नव्हे. त्याची कारणे अनेक असून त्यांतील काही अगदी किरकोळ असतात. म्हणूनच तपासणी स्वस्त कारणापासून सुरू करून महागड्या कारणाकडे जाणे हिताचे ठरते.

गचका का बसतो?

पारंपरिक ऑटोमॅटिक गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो. त्यात इंजिनाची शक्ती तेलाच्या प्रवाहातून पुढे जाते. गिअरबॉक्सच्या आत क्लच प्लेटचे अनेक संच असतात. एक संच सुटतो आणि त्याच क्षणी दुसरा आवळला जातो, तेव्हा गिअर बदलतो. हे आवळणे-सोडणे तेलाच्या दाबावर चालते. व्हॉल्व्ह बॉडी नावाच्या भागातील बारीक वाटांमधून सोलेनॉइड हा दाब नियंत्रित करतात आणि सोलेनॉइडना आज्ञा देतो तो संगणक. ही सारी देवाणघेवाण सेकंदाच्या काही अंशात उरकते. नवा संच फार जोराने आवळला गेला तर गचका बसतो. तो उशिरा किंवा सैल आवळला गेला तर इंजिनाचा आवाज चढतो, पण वेग वाढत नाही. पहिले लक्षण बिघाडाची सूचना असू शकते, दुसरे मात्र क्लच प्लेट घसरत असल्याचे चिन्ह असून अधिक गंभीर आहे.

आधी तेल पाहावे

या गिअरबॉक्समध्ये तेल केवळ वंगण नसते. शक्ती वाहून नेणे, दाब निर्माण करणे, उष्णता बाहेर काढणे आणि क्लच प्लेटना नेमके हवे तेवढे घर्षण देणे, ही कामेही त्याचीच. तेल कमी असेल तर पंप हवा ओढतो, तेलाला फेस येतो आणि दाब डळमळतो. तेल जास्त भरले तरी फेस येतोच.

बहुतेक नव्या तेलाचा रंग तांबडा व पारदर्शक असतो. ते काळपट तपकिरी झाले असेल आणि त्याला करपल्याचा वास येत असेल तर ते जळाले आहे. त्यात धातूचे कण चमकत असतील तर आतील भाग झिजत आहेत. ते दुधट गुलाबी दिसत असेल तर रेडिएटरमधील कूलंट त्यात मिसळले असण्याची दाट शक्यता असते. अशी गाडी चालवू नये. तेलाची पातळी मोजण्याची रीतही प्रत्येक गाडीची वेगळी. बऱ्याच गाड्यांत इंजिन गरम व चालू ठेवून ती पाहतात, होंडाच्या अनेक गाड्यांत इंजिन बंद केल्यावर लगेच पाहतात, तर काही गाड्यांत डिपस्टिकच नसते. म्हणून गाडीसोबतची पुस्तिका हाच खरा आधार.

तेलाचा प्रकार हा त्याहून नाजूक विषय आहे. तेलातील घर्षण-नियंत्रक द्रव्य किती महत्त्वाचे असते, याचा धडा अमेरिकेत १९७०च्या दशकात मिळाला. त्यापूर्वी या कामासाठी स्पर्म व्हेलचे तेल वापरले जाई. त्यावर बंदी आल्यावर कंपन्यांना तेलाची घडण नव्याने करावी लागली. आजही चुकीचे तेल चांगला गिअरबॉक्स बिघडवू शकते. केवळ गाडीच्या नावावरून तेल ठरवणेही धोक्याचे. भारतात २००३ साली आलेल्या पिढीच्या होंडा सिटीत सीव्हीटी मिळत असे, २००८च्या पिढीत पाच गिअरचा पारंपरिक ऑटोमॅटिक आला आणि २०१४च्या पिढीत पुन्हा सीव्हीटी. नाव एकच, पण तेले वेगळी. सीव्हीटीत साधे ऑटोमॅटिकचे तेल भरले तर आतील पट्टा व पुली यांचे नुकसान होते.

तेल बदलावे की नाही?

'जुन्या गिअरबॉक्सचे तेल बदलले की तो बसतो', असा समज गॅरेजांत दृढ आहे. वास्तविक, तेल बदलल्यावर लगेच निकामी झालेले बहुतेक गिअरबॉक्स आधीच झिजलेले असतात. तरीही सावधगिरी म्हणून यंत्राच्या दाबाने सारे तेल धुऊन काढण्यापेक्षा खालचा बोल्ट उघडून निथळेल तेवढेच तेल काढावे आणि तेवढेच नवे भरावे. निथळताना बरेच तेल टॉर्क कन्व्हर्टरमध्येच राहते. त्यामुळे काही अंतर चालवून ही क्रिया दोन-तीनदा करावी लागते. फिल्टर बदलता येण्याजोगा असेल तर तोही बदलावा.

गिअरबॉक्सबाहेरची कारणे

लीव्हर 'डी' किंवा 'आर'मध्ये टाकताच धक्का बसत असेल तर इंजिनाची फाटलेली माउंटिंग आधी तपासावीत. थ्रॉटल बॉडी मळल्यामुळे इंजिनाचा आयडलिंगचा वेग वाढला असेल तरीही असाच धक्का बसतो. बॅटरी काढली किंवा बदलली की अनेक गाड्यांच्या संगणकाच्या स्मृतीतील जुळवणी पुसली जाते. मग काही दिवस गिअर विचित्र बदलतात आणि पुढे आपोआप सुधारतात. गाडी एकाच गिअरमध्ये अडकून राहिली तर संगणकाने बचावाचा मार्ग पत्करला असे समजावे. अशा वेळी स्कॅनर लावून दोषाचा संकेतांक वाचल्याखेरीज कोणताही भाग बदलू देऊ नये. दोष एखाद्या सेन्सरचा वा सोलेनॉइडचा निघाला, तर बऱ्याच गाड्यांत गिअरबॉक्स न उतरवताही दुरुस्ती होते.

२०१४ मध्ये मारुती सुझुकीच्या सेलेरिओबरोबर भारतात रुळलेल्या एएमटीची गोष्ट निराळी. तिच्यात मॅन्युअल गिअरबॉक्सच यंत्राकरवी चालवला जातो. तिथे थोडा हेलकावा रचनेतच असतो. तो अचानक वाढला तर क्लचची झीज व यंत्रणेची जुळवणी तपासावी.

सवयींचाही वाटा

गाडी पूर्ण थांबल्याशिवाय 'डी'वरून 'आर'वर जाऊ नये. उतारावर न्यूट्रल टाकून पेट्रोल वाचवण्याचा मोह टाळावा. चढावर गाडी ब्रेकऐवजी अॅक्सिलरेटरने रोखून धरली की तेल तापते आणि उष्णता हा या तेलाचा मोठा शत्रू आहे. बोरघाटातील वाहतूक कोंडीत सरकताना हे विशेष ध्यानात ठेवावे. गाडी बंद पडलीच, तर दोराने ओढून नेऊ नये. इंजिन बंद असताना गिअरबॉक्सचा पंप फिरत नाही आणि आतील भाग तेलाविना घासले जातात. सपाट तळाच्या ट्रकवर चढवूनच ती न्यावी.

तेल करपलेले, त्यात धातूचे कण आणि चढावर प्लेट घसरत असल्याची खूण, अशी तिन्ही लक्षणे एकत्र दिसली, तर मात्र गिअरबॉक्स उघडण्याला पर्याय उरत नाही. तोपर्यंत तेल, माउंटिंग आणि संकेतांक या तीन गोष्टी तपासून, त्यांचा निष्कर्ष लेखी मागण्याचा हक्क मालकाने बजावावा. गाडी जुनी झाली म्हणून ती टाकाऊ ठरत नाही आणि निदान घाईचे झाले, तर दुरुस्तीही आंधळीच होते.