भूताली हेमपुष्पी

मृगाच्या सरी पडू लागल्या की रत्नागिरीकडील रायांत, पाचोळ्यातून, सहा पाकळ्यांचे एक पिवळे फूल अगदी भुईसरसे उमललेले दिसते. हे काळ्या मुसळीचे फूल होय. पाने ताडाच्या कोवळ्या रोपासारखी, म्हणून निघंटुकारांनी हिला ‘भूताली’ म्हटले. सोनेरी फुलावरून ‘हेमपुष्पी’. आणि सरळ, जाड मुळावरून ‘मुसळी’.

मूळ औषधी असल्याने लोक आज तेवढेच ओळखतात. परंतु फुलाचा बीजकोश देठावर नसून मातीतच, मुळाच्या माथ्याशी पोसत असतो. ऐन बहरात जो मूळ खणतो, तो आईबरोबर लेकरांचाही घात करतो. वाचकांनी मुलांना हिची तिन्ही नावे शिकवावीत. मात्र मुळाचे नाव सर्वांत शेवटी सांगावे, अशी आमची विनंती आहे.