विमानतळ सोलापूरला, विठोबा पंढरपूरला: मधल्या ७५ किलोमीटरचं काय?

९ जून २०२५. सोलापूरच्या होटगी रोड विमानतळावरून गोव्याची विमानसेवा सुरू झाली. १५ ऑक्टोबरला मुंबईचं विमानही सुरू झालं. सोलापूरकरांनी या दिवसाची कित्येक वर्षं वाट बघितली होती, त्यामुळं आनंद होणारच.

सोलापूरला विमान का हवं, याची जी कारणं दिली जायची त्यात तीन नावं कायम असायची. पंढरपूर, अक्कलकोट आणि तुळजापूर. विमान आलं की भाविक वाढतील, भाविक वाढले की धंदा वाढेल, असं साधं गणित होतं. पण पंढरपूरच्या बाबतीत हे गणित एका जागी अडतं. विमान सोलापुरात उतरतं, पुढं काय?

हाच प्रश्न रेल्वेपर्यंत येतो. आणि रेल्वेचा विषय निघाला की पंढरपूर परिसरात एक मत सापडत नाही, तीन-चार सापडतात. ही मतं वेगवेगळी का आहेत, ते समजून घ्यायचं तर आधी नकाशा बघायला लागतो.

रस्त्यानं ७५, रेल्वेनं १३०

सोलापूर ते पंढरपूर रस्त्यानं अंतर आहे साधारण ७५ किलोमीटर. मोहोळवरून गेलं की दीड-दोन तासांत माणूस पंढरपुरात.

रेल्वेचं मात्र तसं नाही. सोलापूर आणि पंढरपूर यांना थेट जोडणारा रूळच नाही. गाडी आधी सोलापूरहून पुण्याच्या दिशेनं कुर्डुवाडीपर्यंत जाते. हे अंतर ७९ किलोमीटर. तिथून वळून पंढरपूरला येते, ते ५२ किलोमीटर. म्हणजे रस्त्यानं ७५ किलोमीटरवर असलेल्या गावाला रेल्वेनं जायचं तर १३० किलोमीटरचा वळसा.

त्यात सोलापूर स्टेशनपासून विमानतळावर जायला रिक्षा वेगळी. त्यामुळं विमानानं आलेला माणूस पंढरपूरला जायला रेल्वेचा विचारच करत नाही. तो टॅक्सी करतो, नाहीतर एसटी पकडतो.

आता दुसरी बाजू बघा. मुंबई-सोलापूर वंदे भारत १० फेब्रुवारी २०२३ ला सुरू झाली आणि ती कुर्डुवाडीला थांबते. म्हणजे मुंबईहून पंढरपूरला यायचं असेल तर वंदे भारतचं स्टेशन ५२ किलोमीटरवर आणि विमानतळ ७५ किलोमीटरवर. म्हणूनच ‘विमानापेक्षा कुर्डुवाडीहून पुढं वेळेवर गाडी द्या’ हे म्हणणं पटण्यासारखं वाटतं.

विमानतळावरून सोलापुरात काय झालं होतं?

वाहतुकीच्या प्रकल्पावरून लोकांचं मत कसं दुभंगतं, याचं मोठं उदाहरण जिल्ह्यातच आहे. होटगी रोडवर विमानतळाला लागून सिद्धेश्वर सहकारी साखर कारखाना आहे. त्याच्या सहवीज प्रकल्पाची नव्वद मीटरच्या घरातली चिमणी विमानांच्या वाटेत येत होती.

एका बाजूला सोलापूर विकास मंच आणि शहरातले व्यापारी, उद्योजक, तरुण होते. विमान नाही म्हणून कंपन्या येत नाहीत, कंपन्या नाहीत म्हणून पोरं पुण्याला जातात, असं त्यांचं म्हणणं. दुसऱ्या बाजूला कारखान्याचे सभासद, ऊस उत्पादक आणि कामगार. चिमणी पडली तर गाळपाचं काय, आमच्या उसाचं काय, हा त्यांचा प्रश्न. उपोषणं झाली, मोर्चे निघाले, कोर्टकचेरी झाली. अखेर १५ जून २०२३ ला चिमणी पाडली गेली.

२९ सप्टेंबर २०२४ ला पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते विमानतळाचं ऑनलाइन उद्घाटन झालं. पण पहिलं विमान उडायला त्यानंतरही आठ महिने लागले. सोलापूरजवळच बोरामणीला मोठा विमानतळ करायचा प्रस्ताव त्याआधीचा आहे. तो वनजमीन आणि माळढोक अभयारण्याच्या मुद्द्यावर अडकला.

फायदा शहराचा आणि किंमत शेतकऱ्याची, ही भावना तेव्हा पक्की झाली. रेल्वेच्या नव्या मार्गांबद्दल बोलतानाही लोकांच्या मनात ती असते.

पंढरपूर आणि रेल्वेचं नातं जुनं आहे

पंढरपूरला रेल्वे आली ती बार्शी लाइट रेल्वेमुळं. एव्हरर्ड कॅलथ्रोप नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं उभी केलेली ही अडीच फुटी रुळांची छोटी गाडी. १८९७ मध्ये बार्शी ते बार्शी रोड म्हणजे आजचं कुर्डुवाडी, हा टप्पा सुरू झाला. १९०६ मध्ये ती पंढरपूरला पोचली आणि १९२७ मध्ये मिरजेला. १९५४ मध्ये सरकारनं ती ताब्यात घेतली. पुढं २००१ ते २०११ या काळात टप्प्याटप्प्यानं सगळा मार्ग ब्रॉडगेज झाला.

म्हणून आज नागपूर, कोल्हापूर, मुंबई आणि थेट म्हैसूरहूनही पंढरपूरला गाडी येऊ शकते. आषाढीला तर नागपूर, अमरावती, खामगाव, भुसावळ, लातूर, मिरज अशा ठिकाणांहून विशेष गाड्या सुटतात. विदर्भातल्या गरीब वारकऱ्याचा पंढरपूरशी संबंध टिकून आहे, त्यात या गाड्यांचा मोठा वाटा आहे.

फलटण-पंढरपूर: घोषणा झालेला, रूळ नसलेला मार्ग

आता पंढरपूरकर ज्या मार्गाकडं सगळ्यात जास्त डोळे लावून आहेत, त्याकडं येऊ. लोणंद-फलटण हा २६ किलोमीटरचा मार्ग २०१९ मध्ये सुरू झाला. मार्च २०२१ मध्ये पुणे-फलटण गाडी सुरू झाली. फलटणपासून पंढरपूरपर्यंतचा १०५ किलोमीटरचा टप्पा मात्र बाकी आहे.

या मार्गाची चर्चा ब्रिटिश काळापासूनची. राज्य सरकारनं निम्मा खर्च म्हणजे ९२१ कोटी रुपये उचलायची तयारी दाखवली आहे. मार्ग झाला तर माळशिरस तालुक्याला पहिल्यांदाच रेल्वे मिळेल. ज्ञानेश्वर माउलींची पालखी ज्या पट्ट्यातून जाते, जवळपास तोच हा पट्टा.

आणि इथंच विमानतळ पुन्हा चर्चेत येतो. लोणंदहून पुण्याकडं जाणारी रेल्वे पुरंदर तालुक्यातून जाते. याच तालुक्यातल्या सात गावांच्या जमिनीवर पुण्याचा नवा आंतरराष्ट्रीय विमानतळ प्रस्तावित आहे. उद्या विमानतळ झाला आणि फलटण-पंढरपूर मार्गही झाला, तर पंढरपूरला एका मोठ्या विमानतळाच्या दिशेनं जाणारी रेल्वे मिळेल. वळसा न घेता.

पण यातले दोन्ही ‘जर’ मोठे आहेत. पुरंदरच्या गावांनी भूसंपादनाला कडाडून विरोध केला होता. मे २०२५ मध्ये ड्रोन सर्वेक्षणावेळी गावकरी आणि पोलीस आमनेसामने आले होते.

मग नेमकं कोणाला काय हवंय?

वारकरी: पंढरपूर शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार ९८,९२३. आषाढीला इथं दहा लाखांहून जास्त लोक येतात. पालखीबरोबरचा वारकरी येताना चालत येतो, पण जाताना त्याला गाडी लागते. एकादशी झाली की सगळी गर्दी एकदम स्टेशनवर आणि एसटी स्टँडवर येते. सोलापुरातून उडणाऱ्या विमानात ७०-८० माणसं बसतात आणि एका विशेष रेल्वेत हजारावर. वारकऱ्याच्या दृष्टीनं जनरलचे डबे वाढणं हाच विकास आहे.

व्यापारी, लॉज आणि मठवाले: यांना वर्षभर येणारा भाविक हवा आहे. चार मोठ्या वाऱ्या सोडल्या तर मधल्या काळात बंगळुरू, हैदराबाद, मुंबईहून येणारा, दोन दिवस राहणारा माणूस. या वर्गाला विमानही हवं आणि रेल्वेही. पण त्यांच्यात एक धास्तीही आहे. मंदिर परिसरातल्या प्रस्तावित कॉरिडॉरला २०२२ पासून विरोध सुरू आहे. गर्दी वाढली की रस्ते रुंद करायचे, रस्ते रुंद करायचे की घरं-दुकानं पाडायची, ही साखळी त्यांना दिसते.

बागायतदार: सांगोल्याचं डाळिंब, कासेगावची द्राक्षं आणि बेदाणा. २८ डिसेंबर २०२० ला देशातली शंभरावी किसान रेल्वे सांगोल्यातूनच पश्चिम बंगालमधल्या शालिमारला निघाली होती. भाड्यात ५० टक्के सवलत होती, तोवर शेतकऱ्यांना तिचा फायदा झाला. पुढं ती सेवा मागं पडली. त्यामुळं हा वर्ग विचारतो, नव्या मार्गावर माल चढवायची सोय असणार का?

ज्यांची जमीन जाणार ते: पालखी महामार्गांसाठी याच भागात जमिनी गेल्या आहेत. महामार्गाला निदान कडेला हॉटेल, दुकान टाकता येतं. रेल्वेचा रूळ शेताचे दोन तुकडे करतो आणि पलीकडं जायला फाटक किंवा बोगदा कुठं देणार, यावर सगळं अवलंबून असतं. यातला बहुतेक शेतकरी रेल्वेच्या विरोधात नसतो. त्याला मोबदला किती, कधी आणि पलीकडं जायची वाट कुठून, याचं उत्तर हवं असतं.

शिर्डीला जमलं, मग पंढरपूरला का नाही?

ही तुलना हमखास होते. शिर्डीला २००९ मध्ये स्वतःचं रेल्वे स्टेशन मिळालं, १ ऑक्टोबर २०१७ ला काकडी इथं विमानतळ सुरू झाला आणि २०२३ मध्ये वंदे भारतही आली. विमानतळ मंदिरापासून १४-१५ किलोमीटरवर आहे.

पण दोन्हीकडचा भाविक सारखा नाही. शिर्डीला देशभरातून वर्षभर लोक येतात आणि त्यात विमानाचं तिकीट परवडणारे बरेच आहेत. पंढरपूरची मोठी गर्दी ही महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या शेतकरी-कष्टकऱ्यांची, तीही आषाढी, कार्तिकी, माघी आणि चैत्री या चार वाऱ्यांना एकवटलेली. तिला एसटी आणि रेल्वेच लागते.

आता लक्ष कशावर ठेवायचं?

तीन गोष्टींवर. एक, फलटण-पंढरपूर मार्गाच्या भूसंपादनाच्या नोटिसा गावोगाव कधी निघतात. घोषणेपेक्षा त्यातूनच काम पुढं सरकतंय का ते कळतं. दोन, कुर्डुवाडीला वंदे भारतच्या वेळेला जोडून पंढरपूरची गाडी मिळते का. यासाठी एक गुंठाही जमीन लागत नाही, फक्त वेळापत्रक बदलायला लागतं. तीन, सोलापूर विमानतळावरून विमानाच्या वेळेनुसार पंढरपूरची थेट एसटी सुटते का.

शेवटच्या दोन गोष्टी आजही करता येण्यासारख्या आहेत. फलटणहून रूळ येईल तेव्हा येईल. तोवर रोजच्या प्रवाशाला कुर्डुवाडीच्या फलाटावर किती वेळ ताटकळायला लागतं, त्यावरच तो या सगळ्या विकासाबद्दलचं आपलं मत ठरवणार.