डॉकरच्या डॅशबोर्डची वाटचाल

मार्च २०१३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारा इथल्या पायकॉन परिषदेत सॉलोमन हाइक्स यांनी पाच मिनिटांत डॉकर, म्हणजे प्रोग्राम कंटेनर नावाच्या स्वतंत्र कप्प्यांत चालवणारे साधन, जगाला दाखवले. दाखवायला होते ते फक्त टर्मिनल. चालू कंटेनर बघायचे, लॉग वाचायचे, जुन्या इमेज काढून टाकायच्या, हे सगळे कमांड टाइप करूनच. ज्यांचा हात टर्मिनलवर बसला होता त्यांचे भागत होते. पण टीममधल्या टेस्टरला एक कंटेनर रीस्टार्ट करून हवा असला, तरी त्याला कोणाच्या तरी सवडीची वाट पाहावी लागे.

त्याच वर्षी मायकेल क्रॉस्बी यांनी डॉकरयूआय लिहिले. ब्राउझरमध्ये ९००० हा पोर्ट उघडायचा, यादी बघायची, बटण दाबायचे. हा डॅशबोर्डही कंटेनर म्हणूनच चालायचा आणि एका कमांडमध्ये उभा राहायचा. टर्मिनलला बिचकणाऱ्या कितीतरी जणांना डॉकरच्या जवळ आणण्याचे श्रेय मी या छोट्या प्रकल्पाला देतो. मात्र त्याला लॉगिन नव्हते, आणि पुढच्या सगळ्या इतिहासाचे मूळ तिथेच आहे.

डॅशबोर्ड डॉकरशी बोलतो तो सॉकेटमधून. सुरुवातीला डॉकर मशीनवरच्या एका टीसीपी पोर्टवर ऐकत असे. ब्राउझरमधले एखादे खोडसाळ पान तिथे परस्पर हुकूम पाठवू शकते, हे ध्यानात आल्यावर ०.५.२ या आवृत्तीपासून तो युनिक्स सॉकेटवर नेला गेला. हा बदल फार मोलाचा होता. पण डॅशबोर्ड बसवताना आपण तोच सॉकेट कंटेनरच्या आत जोडून देतो. त्यातून डॉकरला सांगता येते, ‘नवा कंटेनर सुरू कर आणि सर्व्हरची संपूर्ण डिस्क त्यात जोड.’ म्हणजे सॉकेट ज्याच्या हाती, सर्व्हरचा रूट त्याच्या हाती. सॉकेट ‘फक्त वाचण्यापुरता’ जोडला की झाले, असे अनेकांना वाटते. ते खरे नाही. ते बंधन सॉकेटच्या फाइलवर असते, तिच्यातून जाणाऱ्या हुकमांवर नाही.

मधली दोन-तीन वर्षे अशा साधनांच्या गर्दीची होती. शिपयार्ड आले, पॅनामॅक्स आले, रँचर आले. टूटम ही सेवा डॉकर कंपनीने २०१५ मध्ये विकत घेतली, तिचे डॉकर क्लाउड केले आणि २०१८ मध्ये ते बंदही केले. यातले टिकले थोडेच.

२०१६ मध्ये डॉकरयूआयच्याच कोडमधून पोर्टेनर निघाले. दिसायला ते देखणे होतेच, पण त्याचे खरे काम पुढे दिसले: लॉगिन, वापरकर्ते, टीम आणि कोणाला कोणता कंटेनर हाताळता येईल याचे नियम. वाट पाहणाऱ्या त्या टेस्टरला आता त्याच्यापुरते बटण देता येऊ लागले. २०२० मधल्या २.० आवृत्तीत कुबरनेटीस, म्हणजे अनेक सर्व्हरवरचे कंटेनर सांभाळणारी प्रणाली, हाताळायची सोयही आली.

लॉगिनचे हे कुलूप किती महत्त्वाचे, हे फेब्रुवारी २०१८ मध्ये रेडलॉक या सुरक्षा कंपनीने उघड केलेल्या प्रकरणात दिसले. टेस्लाचा एक कुबरनेटीस डॅशबोर्ड पासवर्डशिवाय इंटरनेटवर उघडा होता. घुसखोरांनी तिथे क्रिप्टोचलनाचे मायनिंग सुरू केले आणि संशय येऊ नये म्हणून प्रोसेसरचा वापर मुद्दाम कमी ठेवला. आतल्या एका पॉडमध्ये (कुबरनेटीसमधल्या कंटेनरच्या गटात) ॲमेझॉनच्या क्लाउड खात्याच्या किल्ल्याही होत्या. एवढ्या मोठ्या कंपनीत हे घडू शकते, तर दोन-तीन माणसांनी सांभाळलेल्या सर्व्हरची काळजी मला जास्त वाटते.

आज पोर्टेनर नव्याने बसवले आणि पहिल्या पाच मिनिटांत ॲडमिन खाते तयार केले नाही, तर ते स्वतःच थांबते. उघड्या पानावर कोणी परका आधी पोहोचून मालक होऊ नये, म्हणून ही तजवीज. पण साध्या डॉकर सर्व्हरवर ते बसवण्याच्या कमांडमध्ये सॉकेट जोडणारा भाग अजून तसाच आहे. त्यामुळे डॅशबोर्ड व्हीपीएनच्या मागेच ठेवावा आणि जिथे नुसती यादी बघायची आहे तिथे मध्ये प्रॉक्सी बसवून बदलाचे हुकूम अडवावेत, असा माझा आग्रह असतो. मला सर्वांत पटलेली मांडणी मात्र डॉकरऐवजी कंटेनर चालवणारे पॉडमन आणि ब्राउझरमधून सर्व्हर सांभाळणारे कॉकपिट यांची आहे. पॉडमनला रूट म्हणून सतत चालणारी सेवा लागत नाही. कॉकपिटच्या पानावर आपल्या लिनक्स खात्यानेच लॉगिन करायचे, आणि साध्या खात्याला तिथे हाताळता येतात ते फक्त त्याचे स्वतःचे कंटेनर.