वैमानिकाच्या डोळ्यांपुढे अंधारी का येते?

संगणकाच्या पडद्यावर लढाऊ विमान चालविण्याचे खेळ तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिले असतील. त्यांतले जे खऱ्या विमानाचे गणित पाळतात त्यांना सिम्युलेटर म्हणतात. अशा सिम्युलेटरवर नवशिक्याची एक गत हमखास होते. शत्रूचे विमान पाठीमागे आलेले दिसताच तो दांडा जोराने पोटाशी ओढतो. विमान झटकन वळते. पण काही सेकंदांतच पडद्याच्या कडा काळवंडू लागतात आणि बघता बघता सगळा पडदा अंधारून जातो. पुन्हा दिसू लागते तेव्हा विमान जमिनीकडे झेपावत असते! संगणक बिघडला की काय, असे त्याला वाटते. पण बिघाड कसलाच नसतो. खऱ्या वैमानिकाचे जे झाले असते, तेच संगणकाने दाखविलेले असते. हे का घडते ते आता पाहू या.

‘जी’ म्हणजे काय?

पृथ्वीचे गुरुत्वत्वरण ९.८ मीटर प्रतिसेकंद प्रतिसेकंद आहे, हे तुम्हांला ठाऊकच आहे. त्यालाच ‘१ जी’ म्हणतात. आपण खुर्चीवर स्वस्थ बसतो तेव्हा खुर्ची आपल्याला आपल्या वजनाइतक्याच बलाने वर रेटत असते. ही १ जी ची स्थिती. आता, वर्तुळाकार मार्गाने वळायचे तर केंद्राकडे बल हवे. मोटारीला ते रस्त्याच्या घर्षणातून मिळते. विमानाला मात्र रस्ता नाही की रूळ नाहीत. हे बल त्याला पंखांच्या उत्थापनातूनच मिळवावे लागते. म्हणून वळताना ते एका अंगाला कलते. ६० अंश कलून, उंची न सोडता वळायचे असेल, तर पंखांना विमानाच्या वजनाच्या दुप्पट उत्थापन द्यावे लागते. म्हणजेच २ जी. सुमारे ८४ अंश कलले, की हाच आकडा ९ वर जातो. अशा वेळी ७० किलोच्या वैमानिकाखाली वजनकाटा ठेवला, तर तो ६३० किलो दाखवील!

तीस सेंटिमीटरांचा प्रश्न

हाडे आणि स्नायू हा भार काही काळ सोसतात. खरी अडचण येते ती रक्ताची. बसलेल्या माणसाचा मेंदू हृदयापासून सुमारे ३० सेंटिमीटर उंच असतो. तेवढा रक्ताचा स्तंभ वर चढविण्यातच १ जी ला सुमारे २३ मिलिमीटर पारा इतका दाब खर्च होतो. हृदयातून रक्त जास्तीत जास्त सुमारे १२० मिलिमीटर दाबाने बाहेर पडते. म्हणजे डोक्यापर्यंत ९७ पोचतो. तो पुरेसा आहे.

आता ५ जी घ्या. रक्त पाचपट जड झाल्यासारखे वागते. २३ गुणिले ५ म्हणजे ११५. डोक्याशी उरले अवघे ५ मिलिमीटर! डोळ्याच्या आत स्वतःचाच पंधरा-वीस मिलिमीटर दाब असतो. त्यावर मात केल्याशिवाय रक्त पडद्यापर्यंत जात नाही. म्हणून मेंदूच्या आधी दृष्टी जाते: प्रथम रंग फिके होतात, मग कडा अंधारतात, मग सगळेच काळे. त्याही पुढे ताण वाढला, तर शुद्ध हरपते. पूर्वतयारी नसलेल्या माणसाची मर्यादा साधारण ४ ते ५ जी असते ती यामुळेच.

बलाची दिशाही येथे महत्त्वाची आहे. १९५४ साली अमेरिकेत जॉन स्टॅप या वैद्यकीय अधिकाऱ्याने अग्निबाणाच्या गाडीवर बसून, ती एकाएकी थांबताना, क्षणभर ४६ जी सोसले आणि तो जगला. ते बल छाती-पाठीच्या दिशेने होते, डोके-पायांच्या नव्हे. शिवाय ते क्षणभरच टिकले. उलट, बल पायांकडून डोक्याकडे रक्त ढकलणारे असेल, तर दोन-तीन उणे जी देखील सोसवत नाही.

झटका का घातक?

ताण हळूहळू वाढला, तर शरीर सावरू पाहते. रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, हृदय जोराने चालते. पण याला काही सेकंद लागतात. मेंदूजवळची प्राणवायूची शिल्लक तर चार-पाच सेकंदांचीच. दांडा एकदम ओढला, तर अंधारीची पूर्वसूचना न मिळताच शुद्ध जाऊ शकते. ती परत यायला दहा-पंधरा सेकंद लागतात, आणि नंतरही तेवढाच वेळ माणूस गोंधळलेला असतो. सेकंदाला २५० मीटर जाणारे विमान २० सेकंदांत ५ किलोमीटर कापते, हे ध्यानात घ्या. २०१६ साली अमेरिकेत अ‍ॅरिझोनावर सराव करताना एका शिकाऊ वैमानिकाची एफ-१६ विमानात ८ जी च्या वर अशीच शुद्ध हरपली. विमान खाली कोसळू लागले. जमीन जवळ आल्याचे ओळखून विमानातील स्वयंचलित यंत्रणेने ते आपणहून वर काढले, म्हणून तो वाचला.

उपाय कोणते?

दुसऱ्या महायुद्धात कॅनडाच्या विल्बर फ्रँक्स यांनी पाण्याने भरलेला पोशाख तयार केला. आजच्या पोशाखात हवेच्या पिशव्या असतात. त्या फुगून पाय आणि पोट आवळतात व रक्त खाली साचू देत नाहीत. याने एक-दीड जी चा लाभ होतो. बाकीचे काम वैमानिकालाच करावे लागते. पाय-पोटाचे स्नायू घट्ट आवळून, श्वास रोखून, दर तीन सेकंदांनी तो झटकन बदलायचा. एफ-१६ ची खुर्ची ३० अंश मागे झुकलेली आहे, तीही रक्ताचा स्तंभ थोडा आखूड व्हावा म्हणून.

जास्त वेग म्हणजे जलद वळण?

येथे नवशिक्या दुसऱ्यांदा फसतो. एक कल्पित विमान घेऊ. ते सेकंदाला किमान ७० मीटर वेगाने सरळ तरू शकते आणि त्याची मर्यादा ९ जी आहे. उत्थापन वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून १४० मीटर वेगाला पंख जास्तीत जास्त ४ जी देतील, २१० ला बरोबर ९. याहून वेग वाढविला, तरी ९ च्या पुढे जाता येत नाही. आता अर्धे वर्तुळ वळायला लागणारा वेळ काढा: १४० ला ११.६ सेकंद, २१० ला ७.५ सेकंद आणि ३०० ला १०.७ सेकंद. मधला वेगच सरस ठरतो! त्याच्या खाली पंख अडवितात, वर विमानाची बांधणी आणि वैमानिकाचे रक्त. शिवाय ताणून वळताना हवेचा रोध वाढून वेग घसरत जातो. म्हणून जाणता वैमानिक वळणाआधी वेग जुळवितो, स्नायू आवळतो, आणि मगच दांडा सलग, दमाने ओढतो. कडा अंधारताच तो दांडा किंचित सैल सोडतो.

एफ-१६ चा संगणक, दांडा कितीही ओढला तरी, विमानाला ९ जी च्या पलीकडे जाऊ देत नाही. पण वैमानिकाच्या मर्यादेची त्याला कल्पना नसते. ती स्वतः वैमानिकानेच ओळखावी लागते. घरातील सिम्युलेटर हे गणित शिकवितो. मात्र त्याच्यापुढची खुर्ची १ जी तच असते. खरा ताण अनुभवायला भारतीय हवाई दलाचे वैमानिक बंगळूरच्या एरोस्पेस मेडिसिन संस्थेत जातात. तेथे लांब भुजेच्या टोकाशी बसवून माणसाला गरगर फिरविणारे यंत्र आहे.

हेच तत्त्व तुम्ही मैदानावर तपासू शकाल. दोरीला पाण्याचा लहान डबा घट्ट बांधा, आणि जवळपास कोणी नाही असे पाहून तो फिरवा. हाताच्या मुठीपासून डबा ८० सेंटिमीटर असेल आणि फेरी एका सेकंदाची असेल, तर डब्यातील पाण्याचे केंद्राकडील त्वरण किती जी होईल? वर्गात सर्वांनी मिळून गणित करा. उत्तर तीनच्या थोडे वर यायला हवे. त्याच्या तिप्पट ताणात, छातीपासून डोक्यापर्यंत रक्त चढवीत, वैमानिकाला शुद्धीवर राहून विचार करायचा असतो.